जिन्याने जाणारा माणूस

प्रिय बाबा,

वार्तापत्र तुम्हाला मिळालं, एवढं मला कळलं आहे. परवा फोनवर आईला विचारलं, तर म्हणाली, "मिळालं की. खिडकीशी बसून वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. तेव्हापासून तो शर्ट धुवायला टाकत नाहीयेत." बाबांना फोन दे म्हटलं, तर तुम्ही अंघोळीला गेला होतात. काल विचारलं, तर झोपला होतात. सकाळी साडेदहाला! तुम्हाला सकाळी साडेदहाला झोपलेलं मी तापातसुद्धा पाहिलेलं नाही.

एरवी वार्तापत्र पोचलं की त्याच दिवशी तुमचा फोन ठरलेला. "मास्तरीणबाई, तो तुमचा पक्षीवाला लेखक पुन्हा झाडावरून पडला? त्याला खाली उभं राहून पक्षी दिसत नाहीत का?" मग चुका. तिसऱ्या पानावर एक ओळ दोनदा आली आहे, चौथ्या पानावर पुस्तकाचं नाव एकदा असं आणि एकदा तसं. आमच्या नऊशे वाचकांत शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे तुम्ही एकटेच असाल, असं आमच्या संपादकबाई म्हणतात. घरात पहिली पदवी माझी, पण वाचनाची चिकाटी तुमची, हे मी त्यांना अभिमानानं सांगत असते. या वेळी नऊ दिवस झाले आणि फोन नाही. म्हणून हे पत्र. हे सगळं फोनवर बोलायचं धाडस तसंही माझ्यात नव्हतं.

आधी आमच्या पद्धतीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आमचं ऑफिस तुम्ही पाहिलंय. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन टेबलं आणि तीन माणसं: संपादकबाई, अक्षरजुळणी करणारे काका आणि मी. वर्षाला सहा पुस्तकं आणि महिन्याला चार पानांचं वार्तापत्र. कुणाचं पुस्तक आलं, कुणाची दुसरी आवृत्ती निघाली, कुणाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता त्याला आपल्याच पुस्तकातली अक्षरं फार मोठी वाटायला लागली. मी नोकरीला आले तेव्हा बाईंनी विचारलं होतं, इथं कशाला यायचंय? मी म्हटलं, खरं छापायला. त्या हसल्या. म्हणाल्या, "खरं छापायला कागद लागतो, शाई लागते आणि मुख्य म्हणजे ज्याच्याबद्दल छापतोय त्याचा पत्ता लागतो."

तो पत्ता कशाला, हे मला नंतर कळलं. आमच्याकडे आत्मकथन आलं, की त्यात ज्या ज्या जिवंत माणसाबद्दल लिहिलंय, त्याला त्याचं पान छापण्याआधी पाठवतात. उत्तराला दहा दिवस. त्यानं काहीच कळवलं नाही, तर मजकूर आहे तसा छापला जातो. त्यानं "खोटं आहे" असं कळवलं आणि लेखकाकडे कागदोपत्री पुरावा नसला, तर तो मजकूर वगळतात. कितीही मोठा लेखक असो. आणि दहा दिवस संपेपर्यंत त्या पुस्तकातली एक ओळही बाहेर जाऊ द्यायची नाही. वर्तमानपत्रात नाही, मलपृष्ठावर नाही, वार्तापत्रातही नाही. ही पानं पाठवण्याचं काम माझं. एका आत्याबाईंनी पान परत पाठवताना लिहिलं होतं, "बाकी सगळं खरं, पण मी एवढी जाडी नव्हते." मला फार आवडायचं हे काम. वाटायचं, जगात एवढा न्याय कुठंच होत नसेल.

ही पद्धत मी मोडली. वार्तापत्र छापायला जायचं त्या दिवशी दुपारी कळलं, की आमच्या कवीला मिळालेला पुरस्कार त्याला मिळालेलाच नाही, त्याच्याच आडनावाच्या दुसऱ्या एका कवीला मिळालाय. बातमी काढली. तिसऱ्या पानावर अकरा ओळींची जागा रिकामी. काका म्हणाले, "भर ग काहीतरी, छापखान्याचा माणूस खाली ताटकळलाय." संपादकबाई बाहेरगावी. आणि माझ्या टेबलावर महिनाभर एक हस्तलिखित होतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईंचं. त्यातला एक परिच्छेद मला पाठ झाला होता. कारखान्यातल्या कुणाचंच नाव त्यात नव्हतं, नावांची यादी त्या वेगळी पाठवणार होत्या, ती यायची होती. मी मनाशी म्हटलं, नाव नाही तर कुणाला काय कळतंय? वर मीच मथळा दिला आणि खाली मीच लिहिलं, "आगामी पुस्तकातली ही एक विसरता न येणारी व्यक्तिरेखा."

तो कागद तुमच्या खिशात आहे. तरी इथं पुन्हा उतरवते, कारण या खेपेला तो तुम्हाला मी पाठवतेय, वार्तापत्र नाही.

"आमच्या कारखान्यात एक फिटर होता. काटकुळा, सदा गुणगुणणारा. शिवणयंत्र अडलं की त्याला हाक मारायची. खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकून यायचा आणि आमच्याशी नाही, यंत्राशी बोलायचा. काय झालं ग बये, कोण बोललं तुला? आम्ही हसून हसून सुया मोडायचो. पण चार मजले तो नेहमी जिन्याने चढायचा. मालाची लिफ्ट त्याच्याच ताब्यात, तिची चावी त्याच्याच कमरेला, आणि स्वारी जिन्याने. आम्ही चिडवायचो, घाबरतोस होय रे लिफ्टला? तो म्हणायचा, देवानं पाय दिलेत ते कशाला, तुम्हीही चाला की ग बायांनो. हसत म्हणायचा. आम्हाला वाटायचं, थट्टा करतोय."

एवढंच छापलं. पुढचं तुम्ही वाचलेलं नाही, पण तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दोन पानांनंतर लिफ्टचा दोर तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये तुटतो. आत लेखिका आणि तिची धाकटी बहीण, सोबत कापडाचे दोन गठ्ठे. बहीण जागीच गेली. लेखिकेचा पाय कायमचा अधू झाला. मग चौकशी. साहेब विचारतात, दोर कसा होता? फिटर सांगतो, दोर ठीक होता, बायकांनी जादा गठ्ठे भरले. चौकशीच्या अहवालात तेच वाक्य गेलं. मेलेल्या बहिणीवर ठपका ठेवून ते प्रकरण मिटवलं गेलं. हे वाचताना मी रडले होते, बाबा. आणि फिटरच्या त्या वाक्यासमोर समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता: भित्रा.

वार्तापत्र टपालात पडलं आणि दोन दिवसांनी नावांची यादी आली. सात नावं, सात पत्ते. चौथं नाव तुमचं.

पहिल्यांदा मला त्या कवीच्या घोळासारखंच वाटलं, आडनाव सारखं असेल. पण मधलं नाव आजोबांचं होतं. पत्ता आपल्या जुन्या घराचा. अपघाताचं साल पाहिलं, तेव्हा मी चार वर्षांची होते. तरीही मी लेखिकेला फोन केला, पत्ता तपासून घ्यायचाय असं सांगून. त्या म्हणाल्या, "आता कुठं असतो देव जाणे. तेव्हा तिथंच राहायचा. एक मुलगी होती त्याला, एवढीशी. बायको आजारी होती तेव्हा एकदा कारखान्यात घेऊन आला होता. रडायला लागली म्हणून आम्ही तिच्यापुढं बटणांचा डबा ओतला. दिवसभर रंग निवडत बसली शहाणी." मी फोन ठेवून दिला. ती बटणं मला आठवतात, बाबा. डबा आठवतो, जमीन आठवते, माझ्या भोवतीनं चालणारे पाय आठवतात. ते कुठलं हे मात्र मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

गेले आठ दिवस मी स्वतःला एकच विचारतेय, महिनाभर तो परिच्छेद वाचत होते, मग मी तुम्हाला ओळखलं कसं नाही? उत्तर एवढंच, की मी तुम्हाला कधी गुणगुणताना ऐकलेलं नाही. तुम्ही यंत्राशी बोलता, बायकांच्या घोळक्याला हसवता, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. मला माहीत असलेले बाबा, वार्तापत्राचा फोन सोडला तर, जेवताना दोन शब्द बोलतात, कुणी मोठ्यानं हसलं तर उठून दुसऱ्या खोलीत जातात. मला वाटायचं, तुम्ही जन्मापासूनच असे. तुम्ही पहिल्यापासून सुपरवायझर होतात, हेही मी तसंच धरून चालले होते. आता तारखा जुळवल्या. चौकशी संपली आणि दुसऱ्या महिन्यात तुम्ही सुपरवायझर झालात. आपल्याला कंपनीचं क्वार्टर मिळालं. क्वार्टरमुळे मी त्या चांगल्या शाळेत गेले, शाळेमुळे कॉलेजात. पदवी मिळाली त्या दिवशी तो कागद तुम्ही कडांना धरून किती वेळ उभे होतात! आणि म्हणालात, "आता तुला कुणी गप्प बस म्हणायचं नाही." मी ते गरिबीबद्दल समजले होते.

मला राग कशाचा येतो माहितीये? तुम्ही खोटं बोललात याचा येतो, तो येणारच. पण त्याहून जास्त, तो गुणगुणणारा माणूस मला एका परक्या बाईच्या हस्तलिखितात भेटला याचा येतो. तो आमचा होता. आईचा होता. आईला तो आठवत असणार, आणि तिनंही वीस वर्षं त्याचं नाव काढलं नाही.

आता माझं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसती न्यायाधीश होऊन बसले आहे. सातपैकी सहा पानं मी यादी आली त्याच संध्याकाळी टपालात टाकली. तुमचं पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं, कोऱ्या कागदांच्या खाली. पहिल्या दिवशी ठरवलं, पत्ता चुकीचा घालायचा, म्हणजे ते परत येईल आणि आपण हात झटकायचे. दुसऱ्या दिवशी ठरवलं, पाठवायचंच नाही, दहा दिवसांनी "उत्तर आलं नाही" अशी खूण करायची. म्हणजे तुम्हाला न विचारताच ते छापलं गेलं असतं. तेही जमेना. मग तिसऱ्या दिवशी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. संपादन करतेय असं स्वतःला सांगत मी ते पान दुरुस्त केलं. फिटर काढून टाकला. "लिफ्टची तपासणी झालेली होती आणि दोर ठीक असल्याचं सांगण्यात आलं." सगळं छान गुळगुळीत. काकांकडे दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे वाक्य कुणी केलं ग? यात माणूसच नाही. लेखिकाबाईंनी एक माणूस लिहिला होता, तो कुठं गेला?" मी म्हटलं, चुकून झालं. त्यांनी जुना मजकूर परत बसवला. तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं जुळवणाऱ्या माणसाला चुकून झालेलं आणि मुद्दाम केलेलं यांतला फरक कळत नसेल का? तेव्हापासून ते माझ्याकडे बघतात आणि मी टेबलाकडे.

येत्या सोमवारी पुस्तक छापायला जायचं होतं. आज सकाळी मी संपादकबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "दहा दिवस कुणाचे होते?" मी म्हटलं, बाबांचे. "त्यातले आठ तू खाल्लेस. ते त्यांना परत दे." माझ्यासमोरच छापखान्याला फोन करून छपाई पुढे ढकलली. लेखिकेबरोबर वाचकांची भेट ठरली होती, ती रद्द केली, सभागृहवाल्याची बोलणी खाल्ली. पुढच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर खुलासा येईल, की आम्ही आमचाच नियम मोडून एका माणसाला विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल छापलं. तो मीच लिहायचा आहे, माझ्या नावानं. आणि हे पुस्तक आता माझ्याकडे नाही. "तुला काढत नाहीये," त्या म्हणाल्या, "पण या पुस्तकाला तू हात लावायचा नाहीस." मी मान हलवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी लेखिका आल्या. संपादकबाईंनीच बोलावलं होतं. आमचा जिना किती अरुंद आहे ते तुम्हाला माहीत आहे. काठीचा आवाज तीनदा थांबला. वर आल्या, पाणी प्यायल्या, आणि मी उभी राहून त्यांना सांगितलं, तो फिटर माझा बाप आहे. बाबा, त्यांनी माझं तोंड नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "बटणांवाली?" मी हो म्हटलं. मला वाटलं आता शिव्या देतील, दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. पण त्या म्हणाल्या, "त्याला फासावर चढवायला मी नाही ग लिहिलं. तो एकटा थोडाच होता त्या चौकशीच्या खोलीत? पण आमची आई मरेपर्यंत ऐकत गेली, की तुझ्या पोरीनं हावरटासारखे गठ्ठे भरले म्हणून लिफ्ट पडली. दोनच गठ्ठे होते. दोर आधीच उसवला होता, आणि ते त्याला माहीत होतं, म्हणून तर तो जिन्याने जायचा. त्यानं एवढंच लिहून द्यावं. दोर खराब होता. मग त्याचं नाव, त्याचं गाव, मी पुस्तकाच्या आसपासही येऊ देणार नाही." आणि जाताना, जिन्याच्या तोंडाशी, "वजन वाढलं असेल ना आता त्याचं? हाडाचा सापळा होता नुसता." हे मला कशाला विचारलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, वाढलंय.

कुणाचंही मन वळवायला जायचं नाही, हाही आमचा नियम आहे. पान पाठवायचं आणि गप्प बसायचं. म्हणून बाईंनी सांगितलं, लिहायचंच असेल तर मुलगी म्हणून लिही, प्रकाशनाचा कागद वापरायचा नाही. म्हणून हा वहीतला रेघांचा कागद. आईला मी काही बोललेले नाही. ते तुम्ही सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

एवढं सगळं लिहिलं ते या पत्रात घडी घालून ठेवलेल्या कागदांसाठी. एकाहत्तर ते त्र्याहत्तर, ही तुमची पानं. आठ दिवसांपूर्वीच तुमच्या हातात पडायला हवी होती. त्यांतल्या एका समासात माझ्या अक्षरात एक शब्द आहे, तो मी खोडलेला नाही. कोरी प्रत काढून पाठवता आली असती, पण तुमच्यापासून आणखी काही लपवायचं नव्हतं. पाकीट मिळेल त्या दिवसापासून दहा दिवस. "खोटं आहे" असं तुम्ही लिहिलंत, तर ती तीन पानं पुस्तकातून जातील. कारखान्याचं तेव्हाचं रजिस्टर कुणालाच सापडलेलं नाही, तुमच्याविरुद्ध कसलाही कागद नाही, हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते, कारण ते जाणून घेण्याचा तुमचा हक्क आहे. मग कुणालाही काही कळणार नाही. मी सुट्टीत नेहमीसारखी घरी येईन, तुमच्याशेजारी जेवायला बसेन, आणि हा विषय माझ्या तोंडून कधीही निघणार नाही. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही, वचन म्हणून लिहितेय. आणि दोर कसा होता ते लिहिलंत, तर पुढं काय होईल ते मला खरंच माहीत नाही. तेव्हाचे तुमचे सोबती काय म्हणतील, आईला काय वाटेल, तुम्हाला झोप लागेल की असलेलीही उडेल, यातलं काहीच मी सांगू शकत नाही. फक्त रिकामं पाकीट पाठवू नका आणि गप्पही राहू नका. आमच्या ऑफिसात टपाल साडेअकराला येतं. बाईंनी पुस्तक माझ्याकडून काढून घेतलं, पण टपाल फोडायचं काम अजून माझ्याकडेच आहे. तुम्ही जे काही लिहाल, ते सगळ्यांत आधी मी वाचणार आहे.

तुमचीच,
पोर